कर्राराचा दगड वाळेपर्यंत

इटलीत काय बघणार, असं आमच्या रोल्ला भागातल्या शेजारणी विचारत होत्या. मी "दगड" म्हटलं की हसत होत्या. लेकीने तर "सो बोरिंग, ममा" म्हणून निकालच लावला. पण खरोखरच दगड बघायला निघाले होते. दुबईच्या अल क्वोजमधल्या एका संगमरवराच्या गोदामात मी खरेदी सांभाळत असे आणि तस्कनी प्रांतातल्या कर्राराच्या खाणीतून एक मोठा ठोकळा निवडायचा होता. सोबत होते हमीदभाई, मूळचे राजापूरचे, आमच्या करवतीवरचे जुने कारागीर. दोन महिन्यांनी त्यांचा व्हिसा संपणार होता आणि शेठ तो वाढवणार नव्हते. घरी धाडण्याआधी त्यांची पारखी नजर एकदा वापरून घ्यावी, एवढाच शेठचा विचार.

पिसाहून आगगाडी उत्तरेला निघाली. डावीकडे समुद्र होता. उजवीकडे एकाएकी पांढरे डोंगर दिसले. ऑक्टोबरातच बर्फ, म्हणून मी कॅमेरा काढला.

"बरफ नाय ताई, चुरा हाय तो," हमीदभाई म्हणाले. "आपलाच माल."

रोमन बादशहांच्या काळापासून हे डोंगर कापले जाताहेत, तरी संपलेले नाहीत. खाणमालकाने जीपमधून वळणावळणाने वर नेलं. कोलोन्नाता नावाच्या चिमुकल्या गावात, त्याच्या घरी, जेवायला थांबलो. ताटात पांढरे, पातळ काप आले. ते लार्दो (डुकराची मुरवलेली चरबी) आहे असं कळल्यावर आम्ही दोघांनी काटे खाली ठेवले. कोकणी मुसलमान आणि पुण्याची शाकाहारी बाई यांचं इतकं एकमत क्वचितच झालं असेल. पाव, टोमॅटो आणि कांद्यावर भागवलं.

मालकाच्या म्हाताऱ्या आईला वाईट वाटलं. खाल्लं नाही तर निदान बघा तरी, म्हणून ती आम्हाला तळघरात घेऊन गेली. तिथे संगमरवराच्या कोंका (मुरवणाच्या कुंड्या) मांडलेल्या होत्या.

"कुंडीला भेग नाय, हे कसं ओळखतात, विचारा ना," हमीदभाई म्हणाले.

मी इंग्रजीत विचारलं, मालकाने इटालियनमध्ये. म्हातारीचं उत्तर त्याच वाटेने परत आलं: पाणी ओतायचं आणि बसून राहायचं. दगड वाळतो, भेग मात्र ओली राहते.

माझे कान तापले. आदल्या वर्षी अल क्वोजच्या भर उन्हात आम्ही असंच एका ठोकळ्यावर पाणी ओतलं होतं. ते बघता बघता उडून गेलं. "ताई, सावलीत नेऊन परत बघूया," हमीदभाई म्हणाले होते. मला दुसऱ्या दिवशी माल पोचवायचा होता. "खलास हमीदभाई, यल्ला, लवकर चढवा," असं म्हणून मी सही केली. ठोकळा करवतीवर फुटला आणि त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. रिपोर्टमध्ये 'कारागिराचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं. लिहिलं गेलं म्हणजे मीच लिहिलं. व्हिसा न वाढण्याचं कारण तेच होतं.

दुपारी खाणीत गेलो. डोंगराला पायऱ्या पाडल्यासारखी ती जागा, आणि हवेत गारठा. मला एक शुभ्र ठोकळा आवडला. पाणी ओतलं आणि आम्ही शेजारी बसून राहिलो. मालकाने दोनदा घड्याळ पाहिलं. अर्ध्या तासाने सगळा दगड वाळला, फक्त कोपऱ्यात केसाएवढी ओली रेघ उरली. हमीदभाईंनी तिच्यावर उरलेली बोटं ठेवली.

"त्या दिवशी चूक माझी होती," मी म्हणाले.

"ठाऊक हाय."

"मग शेठना का नाही सांगितलंत?"

"कागदावर तुमची सही ताई. माझं कोण ऐकणार?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. मला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती.

दुसरा ठोकळा पास केला आणि परतलो. दुबईत उतरताच घाम फुटला. शनिवारी (तेव्हा तिथे आठवडा शनिवारी सुरू व्हायचा) मी अपघाताचा नवा रिपोर्ट, माझी चूक कबूल करणारा, शेठसमोर ठेवला.

"पुराना मामला है, क्यों खोलती हो?" ते म्हणाले.

"उनका वीज़ा ख़त्म होने से पहले खोलना है," मी म्हटलं.

त्यांनी तो दोनदा वाचला.

तस्कनी फार देखणा प्रांत आहे म्हणतात. मी त्यातला एक डोंगर, एक तळघर आणि एक वाळणारा दगड पाहिला, तेवढं मला पुरलं. हमीदभाईंचा व्हिसा वाढला. माझी नोकरी महिनाभरात गेली. ती जायलाच हवी होती. त्यांची बोटं काही परत आली नाहीत.