नदी की आजी?

मरोळ नाक्याजवळ एका जिन्याखाली मोबाइल दुरुस्तीवाल्याचं टेबल आहे. माझा फोन बादलीत पडला होता आणि मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो त्यातच होते, म्हणून मी त्याच्यासमोर जीव मुठीत धरून बसलो. डोळ्याला भिंग लावून फोन उघडता उघडता त्याने विचारलं, "काका, ह्या कंपनीच्या नावाचा अर्थ माहितीय? मालकाच्या गावची नदी आहे ती. लहानपणी तिच्यात बुडता बुडता वाचला तो."

मी ऐकतच राहिलो. तेवढ्यात फोन चालू झाला. फोटोही शाबूत होते.

पुढच्या बाईंचा फोन त्याच कंपनीचा निघाला. त्यांना तो म्हणाला, "ताई, मालकाच्या आजीचं नाव आहे हे."

थापा मला अजिबात खपत नाहीत. "अरे, आत्ता तर नदी होती ना?"

तो माझ्या कानाशी आला. "काका, गिऱ्हाईक हाताकडे बघत बसलं की माझा हात थरथरतो. गोष्ट सांगितली की ते माझ्या तोंडाकडे बघतं."

"मग खरा अर्थ काय?"

"फोन चालू झालाय ना तुमचा? त्यात बघा."

मी अजून बघितलेलं नाही. बादलीतून वाचलेल्या फोनला नदीच शोभते.