पारा पडला हो!

माझी थोरली जाऊ गुलशनभाभी कामाला निघताना सोन्याच्या बांगड्या काढून कपाटात ठेवते. सासूबाई रोज कुरकुरतात, "भरल्या घरची सून आणि हात मोकळे!" भाभी हसते. "अम्मी, पारा सोनं खातो. बांगड्या पांढऱ्या पडल्या तर तुमचा सराफसुद्धा ओळखायचा नाही."

चिखलीत शेखरभाऊंचं वर्कशॉप आहे. काचेच्या नळीत पारा वरखाली होतो ना, ती रक्तदाबाची जुनी यंत्रं तिथे दुरुस्त होतात. भाभी लग्नाआधीपासून हेच काम करते. तिथे जेवणाचा डबा आत न्यायचा नाही, अंगावरचा कोट घरी आणायचा नाही. घरी आल्यावर आधी आंघोळ, मग मुलांना जवळ घ्यायचं. पाऱ्याला वास नाही, त्याची वाफ दिसत नाही. "चोर निदान भांडं तरी पाडतो, हा तेवढंही करत नाही," असं ती म्हणते.

तिथेच पॅकिंगला असलेल्या दिव्याला दिवस गेले, तेव्हा भाभीने शेखरभाऊंशी भांडून तिचं टेबल आतल्या खोलीतून पुढच्या ऑफिसात आणवलं. "भाऊ, पोटातल्या बाळाला मास्क कुठून घालू?" असं तिने विचारल्यावर शेखरभाऊंनी स्वतःच टेबलाचं एक टोक उचललं.

मागच्या शुक्रवारी भाभीची रजा होती. आमच्या नव्या फ्लॅटमध्ये बरकतीसाठी कुराण वाचायला बायका जमल्या होत्या. कुराणाचे तीस भाग. प्रत्येकाची वेगळी पुस्तिका असते, तिलाही आम्ही पाराच म्हणतो. एकेकीने एकेक पारा घ्यायचा. सांगवीच्या अलमासला येता येईना, म्हणून तिचा पारा आदल्या दिवशीच घरपोच केला होता.

भाभी वाचनाआधी हातपाय धुऊन वजू करत होती आणि तिचा फोन वाजला. मी चष्म्याशिवायच उचलला. इकडे बायकांचा गलका, तिकडून घाबरा आवाज, "भाभी, पारा पडला हो! खाली फरशीवर!"

कुराणाचा पारा जमिनीवर! अलमासच असणार! "अगं मग बघत काय राहिलीस? उचल पटकन! पुसून घे, ओठांना लाव, कपाळाला लाव!"

"आँ?" पलीकडून आलं.

"कोण आहे गं?" ओल्या हातांनी भाभी आली. पडद्यावर दिव्याचं नाव बघून तिचा चेहराच उतरला. "दिव्या, हात लावू नकोस! झाडू नको, पंखा बंद कर, खिडकी उघड आणि बाहेर पड. दार ओढून घे. कुणाला आत सोडू नकोस. मी आलेच!"

कुठल्याशा दवाखान्याच्या माणसाने फुटकं यंत्र वर्तमानपत्रात गुंडाळून दिव्याच्याच टेबलावर आणून ठेवलं होतं.

मी रिक्षात भाभीशेजारी बसले ती दुआ पुटपुटतच. दिव्याने हात लावला असेल तर? ओठांना लावला असेल तर? भाभी रिक्षावाल्याला घाई करत होती.

वर्कशॉपच्या दारात शेखरभाऊ झाडू घेऊन उभे. "भाभी, भरून टाकू का?"

"ठेवा तो! झाडू लागला की एका थेंबाचे शंभर होतील."

मास्क, हातमोजे चढवून ती आत गेली. मी खिडकीतून लांबूनच पाहत होते. टॉर्च तिने जमिनीलगत आडवा धरला, तसे कोपऱ्यातले बारीक मणी चमकले. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाने तिने ते एकत्र लोटले, ड्रॉपरने उचलले, बारकी कणी चिकटपट्टीने टिपली आणि सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत बंद केलं. मोरीत काही म्हणजे काही सोडलं नाही.

दिव्या समोरच्या चहाच्या टपरीवर बसली होती. मी धावत गेले. "बाई गं, मी सांगितलं तसं केलंस का?"

"छे हो ताई! 'ओठांना लाव' म्हणालात तेव्हाच म्हटलं, या भाभी नव्हेत. भाभींच्या घरी कुणाला तरी ताप चढलाय!"

मागून आलेली भाभी एवढी हसली की तिला टपरीचा खांब धरावा लागला. मग तिने दिव्याचे हात उलटसुलट करून पाहिले, तिच्या चपला तिथेच पिशवीत बांधून घेतल्या, डॉक्टरांना फोन करून विचारून घेतलं आणि अनवाणीच तिला रिक्षात बसवून आमच्याकडे आणलं.

बायका वाचन संपवून शिऱ्यावर आल्या होत्या. मी अल्लाचे आभार मानत दिव्याची ताटली भरली.

"अजून वाढू?"

"वाढा की. दोघांचं आहे."