खडवलीच्या पुढे, आमच्या गावात

मे महिना लागला की आमच्या कोपरच्या बिल्डिंगमधले अर्धे फ्लॅट बंद होतात. कुणी देवरुखला, कुणी वाईला, कुणी जुन्नरकडे. बॅगा खाली उतरवताना शेजारीण हमखास विचारते, तुम्ही नाही का जात गावाला? मी लहानपणापासून एकच उत्तर देत आलेले: आमचं गाव डोंबिवलीच. बाबांनी तेच शिकवलेलं.

खरं तर आम्हाला गाव आहे. खडवली स्टेशनच्या पुढे, आमच्या घरापासून गाडीने दीड-दोन तासांवर. बाबा चार वर्षांचे होते तेव्हा आजी-आजोबा तिथून निघाले आणि कल्याणला आले. त्यानंतर बाबा कधी गेले नाहीत, आम्हालाही नेलं नाही. यंदा हिवाळ्यात शकूआत्याचं, म्हणजे बाबांच्या मोठ्या बहिणीचं, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि ती हटून बसली की त्याआधी मला गाव बघायचंय. बाबा साफ नाही म्हणाले. फोनवर दोघांचं चांगलंच वाजलं. शेवटी मीच म्हटलं, मी नेते. तेव्हा बाबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "कुणी विचारलं तर नदीवर पिकनिकला आलोय म्हणायचं. नाव सांगायचं नाही."

रविवारी सकाळी लवकर निघाले. पत्रीपुलावर नेहमीचं ट्रॅफिक लागायच्या आत कल्याण पूर्वेला आत्याकडे पोचले. आत्या शाळेत शिक्षिका होती, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण तयार होण्यातली शिस्त तीच. इस्त्रीची पांढरी साडी, पर्स, पाण्याची बाटली. शहाडवरून टिटवाळ्याचा रस्ता धरला. रस्ता बराचसा ठीक आहे, मध्ये काम चालू असल्याने खड्डे आणि धूळ. काचा बंदच ठेवा. टिटवाळ्याला वडापाव आणि चहा झाला, दोघींचं मिळून शंभराच्या आत. गाडी नसेल तर कसारा किंवा आसनगाव ट्रेनने खडवलीला उतरा, बाहेर शेअर रिक्षा मिळतात.

वाटेत आत्याने मला ते सगळं सांगितलं, जे बाबांनी कधीच सांगितलं नव्हतं. गावात कुणी वारलं की आसपासच्या गावांत सांगावा घेऊन चालत जायचं आणि मेलेलं जनावर ओढायचं, ही कामं आमच्या घराकडे होती. बौद्ध झाल्यावर आजोबांनी ती सोडली. पाटलांच्या घरात म्हैस मेली, बोलावणं आलं, आजोबा गेले नाहीत. मग गावाने आमच्यासाठी दुकान बंद केलं, गिरणी बंद केली, शेतावरचं काम बंद केलं. मीठ आणि रॉकेल आणायला आजी नऊ वर्षांच्या आत्याला घेऊन खडवलीपर्यंत चालत यायची. एक पावसाळा त्यांनी असा काढला आणि मग कल्याण गाठलं. आजोबा रेल्वेत खलाशी लागले.

हे ती अगदी सरळ आवाजात सांगत होती. 

गावात शिरल्यावर पहिल्याच दुकानापाशी गाडी लावली. दुकानदाराने विचारलं, कुणाकडे आलात? मी बाबांचं पढवलेलं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत्याने स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं, आणि पाटलांचं घर कुठलं ते विचारलं. दुकानदाराने हात केला.

घर आता सिमेंटचं आहे, पण पुढचा ओटा जुना दगडीच. त्यावर आत्याच्याच वयाचे एक म्हातारे गृहस्थ खुर्चीत बसलेले; ते हयात पाटलांमधले सगळ्यात मोठे. आमच्या घरातलं माणूस तेव्हा अंगणातच उभं राहायचं. आत्याने कुणी या म्हणायची वाट पाहिली नाही. माझा हात धरून, एकेका पायरीवर थांबत ती वर चढली आणि ओट्याच्या कडेला भिंतीला टेकून बसली. वाकत नाहीत म्हणून दोन्ही पाय समोर लांब केले. मग ओळख सांगितली.

म्हाताऱ्यांनी तिला निरखून पाहिलं. "धर्माची पोर का तू?"

"धर्माजींची मुलगी," आत्या म्हणाली.

ते मान हलवत बोलायला लागले. धर्मा माणूस चांगला होता, लेझीम झकास खेळायचा, पण डोकं गरम. रागाच्या भरात गाव सोडून गेला, नाहीतर त्याला कोण जा म्हणत होतं?

"रागाने नाही गेले ते," आत्या म्हणाली. "तुम्ही गिरणी बंद केलीत. मीठ बंद केलंत. म्हणून आम्ही गेलो."

एवढ्यात त्यांचा मुलगा बाहेर आला. पन्नाशीचा, बोलायला गोड. मावशी, आता इथे तसलं काही राहिलेलं नाही, जुनं कशाला उकरायचं, म्हणाला.

"जुनं आहे म्हणून नुसती बोलतेय," आत्या त्याला म्हणाली. "नवं असतं तर पोलिसांत गेले असते."

दारात त्याची बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती, ती तिथेच थांबली. म्हातारे म्हणाले की आम्ही तेव्हा लहान होतो, आम्हाला काय कळत होतं.

"मीही लहानच होते."

मला वाटलं, आता इथून निघावं लागणार. पण त्यांनी चष्मा काढला, धोतराने पुसला आणि आत्याकडे न बघता म्हणाले, "मला आठवतं. गिरणीच्या दारात मलाच उभं केलेलं. तुमच्यातलं कोणी आलं तर आत सांगायला. तुझी आय आलेली एकदा, डोईवर पाटी घेऊन."

"बरं झालं बोललात," आत्या म्हणाली. माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही. चहा घेतला, कप खाली ठेवला, आणि आमचं घर कुठे होतं ते विचारलं.

ओढ्यापलीकडे. आमच्या घराच्या जागी आता मुंबईच्या कुणाचं तरी फार्महाऊस आहे. गेटला कुलूप, आत भुंकणारा कुत्रा. आत्याने गेटसमोर उभं राहून फोटो काढून घेतला. बाजूला आपल्या लोकांची तीन घरं अजून आहेत. तिथल्या एका ताईंनी जय भीम करून आत घेतलं आणि जेवल्याशिवाय सोडलं नाही: तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. निघताना त्या हळूच म्हणाल्या, कुठे लिहिणार असाल तर गावाचं नाव घालू नका, पोराला याच गावात काम मिळतं. म्हणून इथे नाव नाही. "आता तसलं काही राहिलेलं नाही" म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

परतीला खडवलीला भातसा नदीवर थांबलो. रविवार असल्याने गर्दी, स्पीकर. जाणार असाल तर कडेलाच बसा, पाणी दिसतं त्याहून खोल आहे. आत्याने गुडघ्यांना गार पाणी लावलं आणि म्हणाली की आईबरोबर याच वाटेने येताना इथे बसायचो.

आत्याला सोडून संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबा हॉलमध्येच बसलेले, टीव्ही बंद. मी सगळं सांगितलं, गिरणीचंही. नाव सांगितलंत, एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळाने स्वतःहून बोलले. पहिली नोकरी लागली तेव्हा ते पेढ्यांचा पुडा घेऊन खडवलीला उतरले होते, गावाला दाखवायला की बघा, धर्माजींचा मुलगा. प्लॅटफॉर्मच्या बाकावर बसून राहिले. मग पलीकडून कल्याणची गाडी पकडली. पेढे कुठे गेले ते त्यांना आठवत नाही.

मला ते गाव आवडलं नाही, हे लिहून टाकते. तिथे मला आपलं काही वाटलं नाही, डोळे भरून आले नाहीत. पण ते आमचं आहे. आवडत नाही म्हणून हक्क सोडायचा, असं कुठे असतं?

बाबांनी माझा फोन मागून घेतला. फोटो सरकवत, मी ओट्यावर काढलेल्या आत्याच्या फोटोवर आले आणि बोटांनी तो मोठा केला. आत्या भिंतीला टेकलेली, बाजूला कप, पाय समोर.

"पाय लांब करून बसली," बाबा म्हणाले, आणि हसायला लागले. मग आत्याला फोन लावला. गावाला जाण्यावरून भांडण झाल्यापासून पहिल्यांदाच.