आत्याच्या पेटीतला हत्ती

आमच्या आत्याच्या हाती एकदा कुणाची वस्तू गेली, की ती सोडवून घेणं यमाच्या बापालाही जमलं नसतं. लोभी नव्हती हो ती! दोन लुगडी आणि एक पत्र्याची पेटी, एवढाच तिचा संसार. पण विश्वनाथाच्या नगरीत, दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या घरी देशावरून यात्रेकरू उतरायचे, आणि जाताना काही ना काही विसरायचेच. चष्मा, अडकित्ता, जपमाळ. आत्या ते पेटीत जपून ठेवायची आणि ज्याचं त्यालाच द्यायची. "अमानत आहे भई. ज्याची त्याच्याच हातात," हे तिचं ठरलेलं वाक्य.

एकदा साताऱ्याकडची एक बाई चक्क आपली कवळी विसरून गेली. काही महिन्यांनी तिचा नवरा कवळी न्यायला आला. आत्या म्हणाली, "तुमच्या तोंडात बसते का? नाही ना? मग बाईंना पाठवा." बिचारा हात जोडून दमला. वडिलांनी रदबदली केली, तर त्यांनाही उत्तर मिळालं, "दादा, तू या झंझटीत पडू नकोस." पुढे ती बाई स्वतः आली, तोवर तिने नवी कवळी करून घेतलेली. तरी जुनी तिच्या हातात ठेवली, तेव्हाच आत्याचा जीव थंड झाला.

माझा हत्तीही असाच तिच्या ताब्यात गेला. विश्वनाथ गल्लीतून तिनेच आणला होता, लाखेच्या रंगाचा, लालभडक, चार चाकांचा. मी तो दोरीने ओढत घरभर हिंडायची. त्याचा एक सुळा मी चावून चावून तोडला, म्हणून तिने मला "राक्षशीण" असं नाव ठेवलं होतं. वडिलांची रेल्वेतली बदली झाली, सामान बांधलं, आणि हत्तीला ट्रंकेत जागा उरली नाही. मी भोकाड पसरलं. आत्या म्हणाली, "बेबी, रडू नको. माझ्याकडे अमानत ठेव. तू स्वतः ये, मी देते."

त्यानंतर लग्नाकार्याला त्या घरी जाणं व्हायचं. निघताना ती हटकून म्हणायची, "अगं राक्षशिणी, तुझी अमानत पडलीय. ने की आता!" मी म्हणायची, "राहू दे. तेवढंच यायला निमित्त." आम्ही दोघी हसायचो आणि पेटी बंदच राहायची.

यंदा दिवाळीनंतर गेले. आत्याला हल्ली सगळं विसरायला होतं, असं त्याच घरात राहणाऱ्या माझ्या चुलत वहिनीने फोनवर सांगितलं होतंच. मला राहवेना. जाऊन बघते तर आत्या खिडकीशी बसलेली, आणि मांडीवर माझा हत्ती! तोच लाल रंग, तोच तुटका सुळा. इतक्या वर्षांनी तो बघून मला हसूही आलं आणि रडूही.

वहिनी मोठ्याने म्हणाली, "आत्या, ओळखलं का? बेबीताई आल्यात."

आत्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बसा," म्हणाली. "कुठून आलात? दर्शन झालं?"

जन्मात तिने मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मी तिच्या पायाशी बसले. "आत्या, अगं मीच बेबी. हा सुळा मीच नाही का चावला?"

"बेबीनेच चावला. राक्षशीण आहे मेली!" ती खुदकन हसली. मग माझ्याकडे संशयाने बघत म्हणाली, "पण तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी काय काय आठवून सांगितलं. ट्रंक, दोरी, माझं भोकाड. ती प्रत्येक गोष्टीला "हो, हो" म्हणायची आणि हत्ती आणखी घट्ट धरायची. मी नुसता हात पुढे केला, तर पदराखाली झाकला. वहिनी म्हणाली, "अहो द्या ना, त्यांचाच आहे." आत्या तिच्यावर खेकसली, "बेबी एवढीशी आहे! या बाईंना कशी देऊ पराई चीज?"

तिला दोष तरी काय द्यायचा? आयुष्यभर जे केलं तेच ती करत होती. मला हत्ती नको होता हो. तिने एकदा "अगं" म्हणावं, एवढंच हवं होतं, आणि तेवढंच माझ्या हातात नव्हतं.

गाडीची वेळ झाली. मी वाकून नमस्कार केला. तिने डोक्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "तिकडे बेबी भेटली तर सांगाल? स्वतः ये म्हणावं. आणि लवकर ये. माझ्याच्यानं आता फार दिवस सांभाळवायचं नाही."

"सांगते," मी म्हटलं.