झेंडूची कोरडी माळ

अण्णांची इंजिनावरची जागा माझ्या एका खोट्या शब्दाने गेली. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

बेंगळुरूच्या एका रेल्वे संग्रहालयात जोडून सुट्ट्या आल्या की आम्ही हौशी मंडळी जुनं वाफेचं इंजिन चालवायचो. मागे दोन डबे, बागेभोवती एक फेरी. आम्ही बहुतेक बेळ्ळंदूर-हेब्बाळकडचे कॉम्प्युटरवाले; खरे ड्रायव्हर एकटे अण्णा. रेल्वेतून निवृत्त झालेले, कित्येक पिढ्या इथंच मुरलेल्या मराठी घरातले. मी फावडं हातात घेतलं की म्हणायचे, "स्वल्प हळू, पुणेकर! कोळसा घालतोयस की घर बदलतोयस?"

एका गोष्टीत मात्र थट्टा नसे. बॉयलरमध्ये पाणी किती आहे हे दाखवणारी काचेची नळी असते. तिच्याखालची तोटी प्रत्येक फेरीआधी उघडायची, नळी पूर्ण रिकामी करायची आणि पाणी परत चढतं का ते बघायचं. "चढतं ते पाणी. नुसतं दिसतं ते चित्र," असं ते बजावत. पुढे त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. ते संग्रहालयाच्या समितीला कळलं नव्हतं, मला ठाऊक होतं. "माझे डोळे तुझ्याकडे ठेवलेत रे. जपून वापर."

दसऱ्याच्या सुट्टीत आयुधपूजा झाली. इंजिनाला केळीचे खुंट बांधले, कोहळा फोडला, आणि हौसेने मी त्या तोटीवरच झेंडूची माळ गुंडाळली. रांग फाटकाबाहेर गेली होती, पोरं ओरडत होती. तोटी उघडली असती तर उकळत्या पाण्याने माळ होरपळली असती. काच तर अर्धी भरलेली दिसत होती.

"नळी बघितलीस का रे?"

"बघितली, अण्णा."

दुसऱ्या वळणावर बॉयलरमधलं, पाणी कमी पडलं की वितळणारं शिशाचं बूच वितळलं. पाणी कधीच खाली गेलं होतं. नळीचं तोंड बुजल्यामुळे काचेत जुनंच पाणी अडकून राहिलं होतं. वाफ भट्टीत घुसली, निखारे बाहेर उडाले. अण्णांनी मला मागे ढकललं आणि भट्टीचं दार उघड्या हाताने लोटलं. डब्यांतली पोरं किंचाळत होती. सुदैवाने त्यांना काही झालं नाही. अण्णांचा तळहात सोलून निघाला.

समितीने विचारलं तेव्हा मी खाली बघत उभा होतो. कुणीतरी म्हणालं, वय झालं, डोळे गेले. अण्णा एवढंच म्हणाले, "सरी, बरोबर आहे. इंजिन माझ्या ताब्यात होतं."

बाहेर आल्यावर त्यांनी चांगल्या हाताने खिशातून ती माळ काढली. एकही पाकळी होरपळलेली नव्हती. माळ त्यांनी माझ्या हातात दिली आणि बसस्टॉपकडे चालू लागले.

समितीने त्यांना दर रविवारी संग्रहालयाच्या फाटकावर तिकिटं फाडायला बसवलं. दोन रविवार आले, मग आलेच नाहीत. उन्हाळ्यात गेले. अक्का, त्यांच्या पत्नी, मला म्हणाल्या, "शेवटपर्यंत तुमचं विचारत होते. पुणेकर तोटी उघडतो का, म्हणून."

आता अण्णांच्या जागेवर मी बसतो. फेरीआधी तोटी उघडतो, पाणी चढताना बघतो, आणि दर वेळी तो हात आठवतो.

तोटी मी उघडली नव्हती, हे एक वाक्य मी समितीसमोर बोलायचं देणं लागतो, आणि तेच अक्कांच्या दारात जाऊन. अजून बोललेलो नाही.