जयवंता आरसे उघडते

जयवंताकडे गाडीचं लायसन अकरा वर्षांपासून होतं. रेशन कार्ड आणि पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ते तिने इतकं जपून ठेवलं होतं, की त्याला कधी वारासुद्धा लागला नाही. बार्शीटाकळीजवळच्या त्यांच्या गावात 'बाई असून मालाची पिकअप चालवते' अशी तिची ख्याती होती, आणि कुठलीही ख्याती फार उकरून पाहू नये हेच बरं. जयवंता गाडी चालवायची ती घरापासून शेतापर्यंत आणि शेतापासून घरापर्यंत. दोन्हीकडे ऐसपैस जागा, त्यामुळे मोठा वळसा मारला की काम झालं. गाडी मागे घ्यायची पाळी आलीच, तर तिचा नवरा उत्तमराव मागे उभा राहून फाळक्यावर थाप मारायचा. एक थाप म्हणजे येऊ दे, दोन म्हणजे थांब.

आणि आरसे? त्या गावात कोणाच्याच गाडीचे आरसे उघडे नसतात. शेताकडे जाणारी पांदण दोन्ही बाजूंनी बाभळींनी गच्च भरलेली. उघडा आरसा एका फेरीत तुटून पडतो. म्हणून नवी गाडी आली की हार घालायचा, नारळ फोडायचा आणि आरसे मिटवून टाकायचे, अशी रीतच पडून गेली. डांबरी रस्त्यावर ते पुन्हा उघडावेत, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. उत्तमरावाने बायकोला गाडी शिकवली ती अशी, मिटल्या आरशांची.

या उन्हाळ्यात गावात डोळ्यांचं शिबिर झालं. उत्तमरावाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन करा आणि तोवर गाडीला हात लावू नका, असं डॉक्टरांनी बजावलं.

"दसरा होऊ दे, मंग पाहू," उत्तमराव म्हणाला.

दसऱ्यानंतर दिवाळी होती आणि दिवाळीनंतर लगीनसराई. दोन एकरांत झेंडू आणि शेवंती असलेल्या माणसाला ऑपरेशनसाठी रिकामा महिना मिळतच नाही. "मले थोडंसं धुकं दिसते, बस," तो म्हणायचा. "मी खाटल्यावर पडलो तं फुलं अकोल्याले कोण नेईन?"

"मी नेईन," जयवंता म्हणाली आणि आषाढात एकदा नेलीही.

अकोल्याच्या बाजारात भाजीचा आणि फुलांचा एकच लांबलचक ओटा आहे. गाडीची पाठ ओट्याला लावायची, तिथूनच माल उतरवायचा आणि तिथेच बोली. उत्तमराव नेहमीप्रमाणे मागे उतरला. एक थाप. पुन्हा एक. पुन्हा एक. जयवंता येत गेली, येत गेली आणि थेट नत्थुजी टमाटेवाल्याच्या कॅरेटांवर गेली. चार कॅरेट टमाट्यांची जागच्या जागी चटणी झाली. "वहिनी, चटणीले मीठ तं टाका!" नत्थुजी ओरडला आणि सगळा बाजार पोट धरून हसला. उत्तमरावाने चावी घेतली आणि गाडी घरी आणली. त्या दिवसापासून जयवंताने रिव्हर्सच्या गिअरला हातच लावला नाही. ऑपरेशनही पुढे गेलं ते गेलंच.

तिची लेक प्रतीक्षा अमरावतीला राजापेठेत खोली करून राहते आणि एका लॅबमध्ये रक्त तपासते. तिच्या खोलीखालीच ड्रायव्हिंगचा क्लास, आणि त्यावर पाटी होती: 'लायसन आहे, हिंमत नाही? या.' प्रतीक्षाने पाटीचा फोटो आईला पाठवला. खाली लिहिलं, 'आई, हे तुयासाठीच लिवलं हाय.'

पण जायचं कधी? फुलवाल्याला उसंत मिळते ती एका पितृपक्षात. तेव्हा ना लग्न, ना सण. झेंडूला कोणी विचारत नाही. जयवंताने पिशवी भरायला घेतली, तशी सासू पार्बताबाई दारात येऊन उभी राहिली.

"पितराच्या दिवसात नवीन काई धरत नसतात व."

"नवीन कुठं हाय, आत्याबाई? लायसन अकरा वर्साचं जुनं हाय. जुनंच धड करून राहिली मी."

सकाळी पार्बताबाईनेच भाकरी आणि ठेचा बांधून दिला. एस.टी. सुटताना उत्तमराव खिडकीपाशी येऊन म्हणाला, "पंधरा दिसांत काय होते, कोणाले मालूम. पण तू ओट्याले एकटीनं गाडी लावली ना, तं त्याच दिशी मी दवाखान्यात जाईन. शब्द देतो." तो शब्द जयवंताने पदराला गाठ मारावी तसा घट्ट धरून ठेवला.

क्लासचे मास्तर म्हणजे चंद्रभानजी. एस.टी.त अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर होते, निम्मी नोकरी अचलपूरच्या रस्त्यावर गेली. आवाज अजून गाडी भरून प्रवासी असल्यासारखा. पहिल्या दिवशी त्यांनी जयवंताला शिकवणीच्या पिकअपवर बसवलं आणि विचारलं, "आरशात काय दिसून राहिलं, बाई?"

जयवंताने मधल्या आरशात पाहिलं. "माहं तोंड," असं म्हणून तिने सवयीने कुंकू नीट केलं.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी सगळी हकीकत काढून घेतली. पांदण, थापा, टमाटे. ऐकता ऐकता त्यांनी तिला मध्येच अडवलं.

"मागं कोण उभं होतं?"

"आमचे हे."

"मोतीबिंदूवाले?"

"हो."

"मंग बाई, टमाट्यायवर गाडी तुमी कुठं घातली? ज्याले कॅरेट दिसत नोते, तो थापा मारून राहिला होता. तुमी दुसऱ्याच्या डोयानं गाडी चालवली. आन् तो डोयाच अधू!"

जयवंताला आधी नवऱ्याचा राग आला. दोन महिने लोकांचे टोमणे तिने ऐकले, आणि हा माणूस मुकाट! मग त्याच्या डोळ्यांची भीती वाटली, आणि भीतीच्या मागून पुन्हा राग आला. फोन लावून चांगलं झाडावं असं मनात होतं. पण मास्तर म्हणाले, "चाला, चाबी फिरवा," आणि ते राहून गेलं.

पंधरा दिवस मास्तरांनी तिला सोडलं नाही. मैदानात पाण्याने काठोकाठ भरलेल्या बादल्यांच्या दोन रांगा मांडून, मधून मागे यायला लावलं. बादलीला धक्का लागला की पाणी सांडायचं, आणि सांडेल तितकं नळावरून भरून आणायचं, हा नियम. पहिल्या तीन दिवसांत जयवंताने इतकं पाणी भरलं, की लग्न झाल्यापासून भरलं नसेल. "मागं कोणी उभं राहा ना जी," ती काकुळतीला यायची. मास्तर ढिम्म. "डावा आरसा, उजवा आरसा. वाकडी गेली तं पुढं घ्या अन् पुन्हा या. लाज कायची? एस.टी.ले सुद्धा दोनदा घ्या लागते."

संध्याकाळी ट्युशन सुटायच्या वेळेला, मुद्दाम, राजापेठेत गाडी चालवायची. डावीकडून, उजवीकडून आणि देव जाणे कुठून पोरंपोरी स्कुटीवर घुसायची. जयवंता घामाने भिजून जायची, पण आठव्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की आरशात स्कुटी आधी दिसते आणि हॉर्न नंतर ऐकू येतो. हा शोध लागल्यावर तिला इतका आनंद झाला, की ती एकटीच हसली. शेवटच्या दिवशी मास्तरांनी तिला अचलपूरपर्यंत नेलं आणि परत आणलं. चारा घेऊन चाललेल्या ट्रॅक्टरला तिने ओलांडलं तेव्हा मास्तर खिडकीतून बाहेर पाहत शेंगदाणे खात होते. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही, हीच काय ती शाबासकी.

घट बसायच्या आदल्या दिवशी, पहाटे, जयवंताने झेंडूचे गठ्ठे भरले. पांदण संपून डांबरी लागली तशी तिने गाडी थांबवली, खाली उतरली आणि दोन्ही आरसे उघडले. डाव्या आरशामागे कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. तिने ते काडीने काढलं, पदराने काच पुसली आणि पुन्हा वर बसली. शेजारी उत्तमराव हे पाहत होता, म्हणजे जेवढं दिसत होतं तेवढं.

बाजारात गाड्यांची दाटी. ओट्याशी एकच फट उरली होती, आणि तिच्या एका बाजूला कोण, तर नत्थुजी! जयवंताला स्टिअरिंगवर पाहताच तो उठला, आपली कॅरेटं उचलून पार ओट्याच्या टोकाला ठेवून आला आणि लांबूनच ओरडला, "उत्तमराव, उतरा मागं! थापा मारा!"

उत्तमरावाचा हात दाराकडे गेला.

"बसा तुमी," जयवंता म्हणाली. "उतराचं काम नाही."

गाडी मागे आली. वाकडी आली. बाजारातल्या चार जणांनी "अरारा" केलं. जयवंताने गाडी पुढे घेतली. डावा आरसा, उजवा आरसा. पुन्हा मागे. ओटा दोन्ही आरशांत सारखा सरकत जवळ आला आणि वीतभर अंतरावर गाडी उभी राहिली. कोणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत; हमालांनी फाळका पाडला आणि गठ्ठे उतरवायला घेतले. नत्थुजी मात्र आपली कॅरेटं पुन्हा उचलून आणताना पुटपुटला, "फुकटात इतक्या दूर न्याले लावलं वहिनीनं."

माल विकून झाल्यावर जयवंताने गाडी गावाच्या दिशेला वळवली. तिला शब्दाची आठवण करून द्यायची होती, पण नवऱ्याच्या तोंडून ऐकायची हौस त्याहून मोठी होती. चौकात उत्तमराव खाकरला.

"घरी नोको. दवाखान्यात घे."

दवाखान्यात डॉक्टरांनी बॅटरी लावून दोन्ही डोळे पाहिले. "हा तर चांगलाच पिकला आहे," ते म्हणाले. "कधीपासून दिसत नाही?"

उत्तमरावाने जयवंताकडे पाहिलं, मग पायाकडे. "समोरच्या गाडीचा लाइट फुटल्यावानी दिसते, त्याले दोन दसरे झाले."

पुढच्या बुधवारची तारीख घेऊन दोघं बाहेर आले. जयवंताने पायरीवरच त्याला गाठलं. ती संतापली होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं, दोन्ही एकदमच.

"दोन दसरे? आन् मी रोज तुमच्या बाजूले बसून अकोल्यापर्यंत झोपा काढत होती! मले काहून नाही सांगितलं?"

"तू भिऊन गेली असती. सांगितलं असतं तं बसली असती का गाडीत?"

जयवंताने डोळे पुसले आणि चालकाच्या बाजूचं दार उघडलं.

"बसलीच असती," ती म्हणाली. "पण झोपली नसती."