दुखण्याची भिशी

विमा एजंटला पाहून रस्ता बदलणारी माणसं मी खूप पाहिली, पण जिला पाहून विमा एजंट रस्ता बदलायचा अशी बाई सबंध ठाणे जिल्ह्यात एकच होती: माझ्या बायकोची मावशी. ठाकुर्लीला आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावर, त्या शिवणाचे क्लास चालवायच्या. गळ्यात कायम टेप. आमच्या लग्नाच्या फोटोतही त्यांच्या मोत्यांच्या माळेशेजारी टेप लोंबताना दिसतो. बायको म्हणते मावशी काढायला विसरली. मला ते कधी पटलं नाही. समोरच्याच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्या कमरेकडे बघायच्या आणि मनातल्या मनात माप घेऊन मोकळ्या व्हायच्या. यजमान लवकर गेलेले, मूलबाळ नाही, आणि ऐन तिशीपासून सोबतीला डायबेटिस. त्याला त्या नुसतं ‘साखर’ म्हणत, आणि तेही पागडीवरच्या जुन्या भाडेकरूबद्दल बोलावं तशा सुरात. "साखर राहते माझ्याकडे. निघत नाही, काय करणार!"

ऐंशीचं दशक सरत आलं होतं आणि मेडिक्लेम हा शब्द आमच्याकडे नवानवाच आला होता. माझी नोकरी खाजगी, आजारी पडलो तर ऑफिसकडून सहानुभूतीपलीकडे काही मिळण्याची शक्यता नाही. म्हणून मी निरनिराळी माहितीपत्रकं गोळा केली आणि मावशींपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली. "नावं वेगळी, आतलं कापड एकच," असा निकाल दिला आणि एजंटला बोलवायला सांगितलं. एजंट डोंबिवलीचा, इस्त्रीच्या शर्टातला, गोड बोलणारा मुलगा. त्याने चहा घेतला, मावशींची साखर ऐकली आणि कप खाली ठेवला.

"मावशी, साखरेमुळे जे होईल ते सोडून बाकी सगळं मिळेल."

"साखरेमुळे काय काय होतं?"

मुलगा हुशार होता. डोळे, किडनी, हार्ट, पाय, सगळं त्याने धडाधड सांगितलं.

"म्हणजे मला जे होणार ते सोडून, जे होणार नाही त्याचा विमा! आणि हप्ता?"

"हप्ता वयाप्रमाणे. पूर्ण."

"हप्ता पूर्ण आणि बाई अर्धी? मी ब्लाउज शिवते, बाळ. उद्या मी पाठ सोडून बाकीचा ब्लाउज शिवला आणि शिलाई पूर्ण मागितली, तर गिऱ्हाईक ऐकून घेईल? तुमच्या कंपनीला धडधाकट माणसं हवीत. धडधाकट माणसांना विमा कशाला हवा?"

एजंटने कागद आवरले. तो दारातून बाहेर पडत असताना मावशी म्हणाल्या, "नाही ना घेत मला? ठीक आहे. मीच कंपनी काढते." आता तोही चिडला होता. म्हणाला, "काढा. सगळी जुनी दुखणी तुमच्याकडे गोळा होतील, आणि पहिला पैसा तुमच्याच साखरेवर उडेल. बघा तुम्ही." तेव्हा मावशींनी जिन्यात, चार बिऱ्हाडं ऐकत असताना, जाहीर केलं की माझ्या कंपनीचा एक पैसा मी माझ्या साखरेवर घेणार नाही. ते ऐकणाऱ्यांत मीही होतो. एवढ्या मोठ्याने बोललं की ते पाळावं लागतं, हा त्या बाईचा स्वभाव.

कंपनी काढायला त्यांना फार लांब जावं लागलं नाही. क्लासच्या बायकांची भिशी त्या वर्षानुवर्षं चालवत होत्याच: दर महिन्याला सगळ्यांनी ठरलेले पैसे काढायचे, चिठ्ठी टाकायची, जिचं नाव निघेल तिने सगळी रक्कम उचलायची. कुणाच्या मुलीचं लग्न निघालं तर दुसरीने आपला लागलेला नंबर तिला द्यायचा, आणि दिलेला नंबर नाकारायचा नाही. मावशींनी यात एकच फरक केला. रक्कम साठू द्यायची आणि जो हॉस्पिटलात पडेल त्याला द्यायची. "चिठ्ठी आपण काढायची नाही, वरचा काढेल," असं सांगून त्यांनी दोन्ही बिल्डिंगी आत ओढल्या. दमेकरी, बीपीवाले, हर्निया सांभाळून चालणारे, सगळ्यांना दार उघडं. जुनं दुखणं चालेल, फक्त लपवायचं नाही. मला तर विचारलंही नाही. "जावईबापू, तुमचे मी धरलेत," एवढंच म्हणाल्या.

दार सताड उघडं ठेवल्यावर खर्च आवरायचा कसा? मावशी माणसं आवरायच्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी हप्ता द्यायला गेलं की आधी टेप कमरेभोवती फिरायचा. "इंचभर वाढलात. हा इंच भिशीला परवडत नाही." मग ठाकुर्ली ते डोंबिवली रुळांच्या कडेने चालत जाऊन यायची शिक्षा. स्टेशनबाहेर वड्याची गाडी होती, तिथे मी एकदा दुसरा वडा तोंडात घालणार तोच मागून आवाज आला, "तो वडा तुमचा नाही, भिशीचा आहे." गाडीवाल्याने तो परत कढईकाठी ठेवला, तोही त्यांना घाबरायचा. काविळीची साथ आली तेव्हा त्या घरोघर जाऊन पाण्याच्या पातेल्याला हात लावायच्या. पातेलं कोमट लागलं तर ठीक, गार लागलं तर स्वतः गॅसवर चढवून, उकळी फुटेपर्यंत पाटावर बसून राहायच्या. लोक वैतागायचे, पुटपुटायचे, आणि पाणी उकळून प्यायचे. त्या साथीत आमच्याकडचं एकही माणूस हॉस्पिटलात गेलं नाही, हे मात्र कबूल केलंच पाहिजे.

डॉक्टरांशी त्यांची झटापट तर बघण्यासारखी असे. आमच्यातल्या एका पोस्टमनचा हर्निया काढायचा ठरला तेव्हा मावशी नर्सिंग होममध्ये भाव करायला मला घेऊन गेल्या. डॉक्टर तसूभर हलेनात. मावशींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "दोन हर्निया एकदम आणले तर?" दुसरा हर्निया शेजारच्या एका रिटायर्ड मास्तरांचा होता आणि ते गेली कित्येक वर्षं तो पुढे ढकलत होते. मावशींनी त्यांना त्याच आठवड्यात ऑपरेशनला उभं केलं. चादरी, उशा, पाण्याचे तांबे सगळं घरून नेलं आणि तेवढे पैसे बिलातून कापून घेतले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "या बाई तुमच्या कोण?" मी नातं सांगितल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पण भिशी म्हटली की माणसाला आपला नंबर हवा असतो. दुसऱ्या मजल्यावर एक फिटर राहायचे, दणकट गडी, कधी शिंकलेलेही कुणी पाहिले नसतील. ते दर महिन्याला पैसे ठेवताना विचारायचे, "मावशी, माझा नंबर कधी?"

"अहो, तुमचा नंबर लागू नये म्हणून तर मी जिवाचं रान करतेय!"

"ते बरोबर आहे ओ. पण एवढी वर्षं भरतोय, काय मिळालं मला? पोस्टमनला मिळालं, मास्तरांना मिळालं. मी काय पाप केलंय?"

हळूहळू सगळेच धडधाकट लोक त्यांच्या बाजूचे झाले. आपण आजारी पडलो नाही ही त्यांना फसवणूक वाटू लागली. साधी भिशी करा, पाळीपाळीने वाटून टाका, असा धोशा सुरू झाला, आणि त्यासाठी एका रविवारी मावशींच्या खोलीत सगळ्यांनी जमायचं ठरलं.

त्याच सुमाराला, भर मे महिन्यात, मावशी पायात मोजे घालून वावरू लागल्या. बायकोने एक दिवस जबरदस्तीने मोजा काढला आणि तिला रडू फुटलं. क्लासमधली तुटकी सुई पायात जाऊन बसली होती. साखरेमुळे पाय बधिर झालेला, त्यामुळे त्यांना कळलंच नव्हतं. आता दोन बोटं काळी पडली होती. नर्सिंग होमचे तेच डॉक्टर म्हणाले, आज-उद्या ऑपरेशन करा, नाहीतर अख्खा पाय जाईल. मावशी म्हणाल्या, रविवार झाल्याशिवाय नाही, आणि भिशीचे पैसे तर मुळीच नाही. "त्या विमावाल्या पोराचे शब्द खरे करू मी? साखरेवर उडवलं म्हणेल. बांगड्या आहेत माझ्या, त्या काढते." त्या बांगड्या पितळेच्या आहेत हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो. त्यांनी माझ्या कमरेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वाढलात."

रविवारी खोली भरली. मावशी शिलाई मशीनमागे, पाय साडीखाली लपवून. भिशी मोडायचं बोलणं निघणार तेवढ्यात बायको उभी राहिली आणि तिने सगळं सांगून टाकलं. मावशी तिच्यावर डाफरल्या, "माझं मी बघेन! मी शब्द दिलाय. एक पैसा घेणार नाही."

तेव्हा फिटर उठले. "मावशी, माझं आधी बोला. या महिन्याचा नंबर माझा, हो की नाही?"

मला त्यांची कॉलर धरावीशी वाटली. मावशी मात्र थकलेल्या होत्या. म्हणाल्या, "घ्या. तुमचाच."

"लागला ना? सगळ्यांनी ऐकलं? मग मी तो यांना दिला." फिटर घाम पुसत खाली बसले. "दिलेला नंबर नाकारायचा नसतो. तुम्हीच शिकवलंय आमच्या हिला, क्लासात."

मावशींनी पदर डोळ्यांना लावला. भिशी मोडायचं पुन्हा कुणी काढलं नाही. नर्सिंग होममध्ये मात्र त्या स्ट्रेचरवर झोपून डॉक्टरांना विचारत होत्या, "दोनच बोटं काढताय, मग रेट पूर्ण पायाचा कसा?" पाय वाचला. पुढे बरीच वर्षं त्या जरा लंगडत, पण तशाच टेप घेऊन, आमच्या पातेल्यांना हात लावत फिरत राहिल्या.

त्या गेल्या आणि भिशी बंद झाली. चालवायला दुसरं कुणी नव्हतं. आम्हीही वर्तकनगरला राहायला आलो. परवा मी रीतसर विमा घ्यायला बसलो. आदल्या आठवड्यात रक्त तपासलं, त्यात साखर निघाली होती. समोरचा मुलगा गोड बोलत म्हणाला, "साखरेमुळे जे होईल ते सोडून बाकी सगळं मिळेल, काका." मी मावशींचं ते ब्लाउजचं वाक्य त्याच्या तोंडावर फेकणार होतो. पण ते त्यांच्याच तोंडी शोभायचं. मी फॉर्म पुढे ओढून घेतला. मावशी, इतकी वर्षं भरलं, कधी तक्रार केली नाही. आता माझा नंबर लागलाय, आणि तुम्ही नाही.